गुडघ्याला ढाल, मानेला काय?

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन नावाचा परगणा आहे. डोंगराळ, समुद्राकाठचा, धुक्याचा मुलूख. तिथल्या फेअरफॅक्स गावाजवळ, वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेल्या एका कच्च्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी सायकलींची शर्यत लावली. चढायची नव्हे, उतरायची. अंतर जेमतेम साडेतीन किलोमीटर आणि उतार मात्र १३०० फुटांचा! सायकली जुन्यापान्या, जाड टायरच्या. पेडल उलटे दाबले की मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक लागायचा आणि खाली पोचेपर्यंत तो हब इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर निघे. पुढच्या खेपेआधी हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे, म्हणून शर्यतीचे नावच पडले 'रिपॅक'. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही त्या टोळीतली मंडळी. आजच्या माउंटन बायकिंगचे मूळपुरुष म्हणून त्यांची नावे घेतली जातात. त्या वेळची छायाचित्रे पाहिली तर अंगात जीन्सची विजार, पायात जाड बूट, फार तर हातात कातडी मोजे. बहुतेकांच्या डोक्यावर केसांखेरीज दुसरे संरक्षण नाही.

पुढे या उनाडपणाचा रीतसर खेळ झाला. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या डुरँगो येथे त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली, १९९६ मध्ये अॅटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये तो दाखल झाला. आज कॅनडातल्या व्हिस्लरसारख्या ठिकाणी, जिथे हिवाळ्यात बर्फावर घसरणारे लोक येतात तिथेच, उन्हाळ्यात पाळण्यात सायकल अडकवून शिखरावर जायचे आणि मुद्दाम रचलेल्या वाटांवरून उड्या मारत खाली यायचे, असा दिवसभराचा कार्यक्रम असतो. तिथला स्वार मात्र ओळखू येत नाही. हनुवटीपर्यंत झाकणारे हेल्मेट, डोळ्यांवर जाड चष्मा, छातीवर आणि पाठीवर फळ्या, कोपरांवर वाट्या, गुडघ्यापासून नडगीपर्यंत पट्ट्यांनी बांधलेली ढाल. व्हँकुव्हरकडे स्थायिक झालेल्या परिचयातल्या एका मराठी घरातला मुलगा असा नटूनथटून उभा असल्याचा फोटो इकडे आला, तेव्हा त्याच्या आजीने चष्मा लावून तो दोनदा पाहिला आणि विचारले, "अगं, हा सायकल चालवायला गेलाय की लढाईला?" फोनवर आईने जे उत्तर दिले ते जास्त महत्त्वाचे आहे. ती म्हणाली, "आई, एवढं सगळं घालतो म्हणून तर पाठवते त्याला."

या एका वाक्यावर या सामानाचा मोठा बाजार उभा आहे. चिलखत मुलगा घालतो, पण पुष्कळदा ते विकत घेतले जाते आईवडिलांच्या झोपेसाठी. म्हणून ते नेमके कशापासून वाचवते आणि कशापासून वाचवू शकत नाही, हे घरातल्या मोठ्यांनी समजून घेतलेले बरे.

आधी त्याची बाजू मांडू. सायकलवरून पडणारा माणूस बहुधा मरत नाही, तो खरचटतो. खडीवर गुडघा घासला की कातडीखाली माती, बारीक खडे जातात आणि ती जखम आठवडाभर चिघळते. कोपराची गोष्ट तीच. गुडघ्याच्या वाटीवर थेट दगड बसला तर वाटी फुटते. नडगीवर मांस जवळजवळ नाहीच, तिथे पेडलचे खिळे लागले की माणूस कळवळतो. या सगळ्या ठिकाणी गुडघ्याची, कोपराची, नडगीची ढाल अगदी चोख काम करते. ती नीट बसणारी मात्र हवी. सैल पट्ट्यांची ढाल तिसऱ्या पेडलला पोटरीवर उतरते आणि पडताना जिथे असायला हवी तिथे नसते.

अलीकडच्या ढालींतले गमतीचे काम म्हणजे त्यांच्या आतला पदार्थ. एका वाटीत कॉर्नफ्लॉर घ्या, थोडेथोडे पाणी घालून दाट कालवा. बोट हळू घातले तर ते सहज आत जाते. बुक्की मारली तर ते दगडासारखे घट्ट होते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग पुष्कळांनी पाहिला असेल. रिचर्ड पामर या इंग्रज स्नोबोर्डवाल्याने १९९९ मध्ये याच स्वभावाचा पदार्थ शोधून 'डी३ओ' नावाने आणला. अंगावर असताना लवचीक, आघात झाला की क्षणात कडक. पूर्वीच्या कडक प्लॅस्टिकच्या वाट्या घालून पेडल मारणे म्हणजे शिक्षा होती. या मऊ ढाली अंगाबरोबर वाकतात, म्हणून लोक त्या खरोखर घालतात. पिशवीत राहिलेल्या उत्तम ढालीपेक्षा अंगावरची मध्यम ढाल केव्हाही बरी.

आता तिची मोजमापे पाहू. युरोपात मोटारसायकलस्वारांच्या अशा ढालींसाठी ईएन १६२१ हे मानक आहे आणि सायकलच्या पुष्कळ ढाली त्याच कसोटीवर तपासल्या जातात. कसोटी अशी: पाच किलोचे वजन साधारण एक मीटर उंचीवरून ढालीवर सोडायचे आणि खाली किती जोर पोचला ते मोजायचे. म्हणजे वाण्याच्या दुकानातले पाच किलोचे माप टेबलाच्या थोड्या वरून पडावे, एवढीच ती परीक्षा. त्या आघाताची ऊर्जा ५० ज्यूल. हातापायांच्या ढालीतून खाली सरासरी ३५ किलोन्यूटनपेक्षा कमी जोर पोचला तर पहिली पायरी उत्तीर्ण, २० पेक्षा कमी पोचला तर दुसरी. ३५ किलोन्यूटन म्हणजे सुमारे साडेतीन टनांच्या वजनाइतका जोर, अर्थात अगदी निमिषभर. उत्तीर्ण होऊनही एवढा जोर आत जातोच. पाठीच्या ढालीची अट अधिक कडक आहे, पहिल्या पायरीला १८ आणि दुसरीला ९.

आता पंचाहत्तर किलोचा स्वार ताशी ३० किलोमीटर वेगाने उतरतो आहे असे धरा. त्याच्या अंगातली गतिज ऊर्जा निघते २६०० ज्यूलच्या आसपास, म्हणजे कसोटीतल्या आघाताच्या पन्नासपटीहून अधिक. ती सगळी एकाच जागी खर्च होत नाही म्हणून बरे. माणूस घरंगळतो, घसरतो, खांदा टेकतो, कमर टेकते आणि आघात वाटला जातो. मऊ मातीवर लोळत गेलेला स्वार कपडे झटकून उठतो तो यामुळे. पण वाटेत झाडाचा बुंधा आला तर वाटणीला वाव उरत नाही. फोमचा दोन सेंटीमीटरचा थर त्या हिशेबात फार काही जमा करू शकत नाही.

हेल्मेटची गोष्ट वेगळी, आणि इथे मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. बाकी सगळे सामान ऐच्छिक म्हणा, हेल्मेट नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये चाळीस अभ्यासांचे, चौसष्ट हजारांवर जखमी सायकलस्वारांचे आकडे एकत्र मांडले. हेल्मेट घालणाऱ्यांत डोक्याला इजा होण्याचे प्रमाण निम्म्याने आणि गंभीर इजेचे प्रमाण सुमारे ६९ टक्क्यांनी कमी दिसले. या सगळ्या करामतीत एवढा निर्विवाद फायदा दुसऱ्या कशाचा दाखवता येणार नाही.

तरीही हेल्मेटच्या आत काय आहे ते ठाऊक असावे. एके काळी गणपतीच्या मखरासाठी आपण जो थर्माकोल आणत असू, त्याच जातीचा पण पुष्कळ घट्ट असा तो थर असतो. डोके आपटले की तो चिरडतो, आणि चिरडण्यात ऊर्जा खर्च होते. एकदा चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी निकामी समजायचे. "एवढं महागाचं आहे, एक चरा तर पडलाय" म्हणून धाकट्या भावाला देऊन टाकणे हा मध्यमवर्गीय काटकसरीचा सर्वांत वाईट प्रकार.

युरोपच्या ईएन १०७८ मानकात हेल्मेट घातलेले धातूचे डोके साधारण दीड मीटरवरून सपाट पृष्ठभागावर टाकतात. वेग होतो ताशी साडेएकोणीस किलोमीटर. आतल्या डोक्याला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींच्या आत राहिला पाहिजे. अमेरिकेचे मानक दोन मीटरचे आणि ३०० पटींचे. ही हद्द ठरवली आहे ती कवटी फुटू नये, जीव जाऊ नये म्हणून. मेंदूला मुका मार, ज्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात, त्याच्या निम्म्याहून कमी धक्क्यातही बसू शकतो. शिवाय डोके सरळ आपटते असे थोडेच आहे? ते तिरके लागते आणि झटक्याने फिरते. तांब्यात दही लावले आहे आणि कुणी तांब्याला गर्रकन हिसका दिला, तर तांब्याला काही होत नाही, दही मोडते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले मेंदूचे शल्यविशारद हान्स फॉन होल्स्ट यांनी १९९०च्या दशकात या फिरण्यावर काम सुरू केले. त्यातून हेल्मेटच्या आत किंचित सरकणारा एक पातळ थर आला. 'मिप्स' नावाने तो आज अनेक हेल्मेटांत असतो. धक्का बसला की हेल्मेट डोक्याभोवती सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर सरकते आणि तेवढा हिसका मेंदूपर्यंत कमी जातो. कमी जातो, नाहीसा होत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २०१८ पासून सायकलींच्या हेल्मेटांना अशा तिरक्या आघातांवर तारे द्यायला सुरुवात केली. त्यात दिसले की जास्त किंमत म्हणजे जास्त तारे असे काही नाही.

आता जिथे ढाल नाही तिकडे वळू. व्हिस्लरच्या बाइक पार्कमध्ये २००९ च्या उन्हाळी मोसमात जखमी होऊन तिथल्या आरोग्य केंद्रात आलेल्या ८९८ स्वारांचा डॉक्टरांनी अभ्यास केला. तिथे किती जण सुखरूप उतरले ते या आकड्यांतून कळत नाही. पण पडलेल्यांचे काय मोडते ते नेमके कळते. ३८२ जणांची मिळून ४२० हाडे मोडली होती आणि त्यांतली तीनचतुर्थांश हात आणि खांद्याच्या भागातली. नऊजणांत एकाच्या मेंदूला इजा होती.

हात आणि खांदाच का? कारण पडताना माणूस हात पुढे करतो. हे शिकवावे लागत नाही, शिकवून टाळताही येत नाही. तळवा जमिनीवर टेकतो, आघात मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात चढतो आणि वाटेत जे हाड कमकुवत सापडेल ते मोडतो. मनगटातले नौकेसारखे छोटे हाड, किंवा कॉलरबोन म्हणजे गळ्यालगतचे आडवे हाड. हातमोजा तळव्याची साल वाचवतो, आतून चढणारा जोर नाही. खांद्यावरची वाटीही तशीच. ती बाहेरून येणारा दगड अडवते. खांद्यावर सगळे अंग पडले तर वाटीसकट खांदा आत दाबला जातो आणि गळ्याचे हाड कमानीसारखे तुटते. गुडघ्याचेही पाहा. वाटी वाचेल, पण पाय पेडलवर अडकून अंग फिरले आणि आतला स्नायुबंध तुटला तर ढाल बाहेरच्या बाहेर राहते.

सर्वांत मोठा गैरसमज पाठीचा. पाठीवर कण्यासारखी दिसणारी खवल्याखवल्यांची फळी पाहिली की आईच्या मनाला वाटते, चला, कणा सांभाळला. ती फळी पाठीवर थेट बसणारा दगड, बुंधा, सायकलचे हँडल अडवते, आणि ते उपयोगाचे आहेच. पण कणा बहुधा असा मोडत नाही. माणूस डोक्यावर किंवा कुल्ल्यांवर आपटतो, कणा दोन्ही टोकांनी दाबला जातो, वाकतो, पिळवटतो, आणि मणका आतल्या आत फुटतो. वरून नीट बांधलेली फळी त्या वेळी कण्याबरोबर निमूटपणे वाकते.

याची उदाहरणे या खेळात नवशिक्यांची नाहीत, उस्तादांची आहेत. ब्रिटनचा मार्टिन अॅश्टन हा सायकलवरच्या कसरतींचा विजेता. २०१३ मध्ये सिल्व्हरस्टोनला प्रात्यक्षिक दाखवताना सुमारे तीन मीटर उंचीवरून पाठीवर पडला आणि कमरेखाली लुळा झाला. वेग जवळजवळ नव्हताच. अमेरिकेचा पॉल बासागोइटिया २०१५ मध्ये युटाच्या लाल कड्यांवरच्या 'रॅम्पेज' स्पर्धेत पडला, मणका फुटला. पुढे अनेक महिन्यांच्या कष्टाने तो काही प्रमाणात पावले टाकू लागला, त्यावर २०१९ मध्ये माहितीपटही निघाला. दोघेही सरावाच्या आणि साधनांच्या बाबतीत कुणाला हार जाणारे नव्हते.

मानेसाठी एक उपाय निघाला तो दक्षिण आफ्रिकेतून. ख्रिस लेट हे डॉक्टर आणि स्वतः मोटारसायकलस्वार. २००१ मध्ये एका सहकारी स्वाराचा शर्यतीत झालेला मृत्यू त्यांनी पाहिला आणि मान ठराविक मर्यादेपलीकडे वाकू नये म्हणून खांद्यांवर बसणारे कडे बनवले. हेल्मेटची कड त्या कड्यावर टेकते आणि जोर मानेऐवजी खांद्यावर उतरतो. कल्पना तर्कशुद्ध आहे. पण सायकलच्या उतारशर्यतींत एके काळी सर्रास दिसणारे हे कडे पुढे पुष्कळ नामवंतांनी काढून ठेवले. उताराकडे तोंड करून वर पाहायला मान मोकळी लागते आणि कड्याने ती अडखळते, अशी तक्रार.

चिलखताचा आणखी एक गुण आहे, तो कसोटीच्या यंत्रावर मोजता येत नाही. ते घातले की माणसाचा ऊर भरून येतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये हे फार महागात पडले. कडक हेल्मेट आणि तोंडावर जाळी आली, चेहरा सुरक्षित झाला, तशी खेळाडूंनी डोके पुढे करून भाल्यासारखी धडक मारायला सुरुवात केली. कवट्या वाचल्या, माना मोडू लागल्या. १९७६ मध्ये शाळा-कॉलेजांच्या खेळात अशी धडक नियमाने बंद केली. त्या वर्षी मान मोडून कायमचे लुळे झालेले ३४ खेळाडू होते. १९८४ मध्ये ही संख्या ५ वर आली. हेल्मेट तेच होते, बदलला होता फक्त नियम.

आणि क्रिकेट तर आपल्या घरातलेच. १९६२ मध्ये बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली तेव्हा हेल्मेट नव्हते. पुढे हेल्मेट आले, जाळी आली, आणि २०१४ च्या नोव्हेंबरात सिडनीला फिलिप ह्यूजला चेंडू लागला तो हेल्मेटच्या खाली, मानेवर. त्यानंतर हेल्मेटला मागे मानेची झालर आली. झालर चांगलीच आहे. पण ती आली ती जिथे चेंडू लागून गेला होता तिथे. चिलखताचा इतिहास बहुतेक असाच आहे, कालच्या जखमेवर शिवलेला.

आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या मुलांना आता टेकड्या आणि घाटवाटा दिसू लागल्या आहेत. इथे पहिला शत्रू ऊन आहे. व्हिस्लरच्या थंड हवेसाठी शिवलेले अंगभर चिलखत एप्रिलच्या सह्याद्रीत घालून चढ चढणे म्हणजे घामाने निथळणे, डोके गरगरणे. आणि गरगरणारा माणूस उतारावर चुका करतो. चढताना गुडघ्याच्या ढाली आणि पूर्ण तोंडाचे हेल्मेट पाठपिशवीला लटकवायचे, उतरण्याआधी सावलीत थांबून घालायचे, ही रीत म्हणून बरी. मोटारसायकलचे हेल्मेट सायकलला चालवून घेऊ नये. ते जड आणि कोंडणारे, ते फार वेळ डोक्यावर राहात नाही.

खर्चाचा क्रम मला विचाराल तर डोके, मग गुडघे, मग हातमोजे, मग कोपरे. छाती-पाठीचा जामानिमा उड्या मारायला लागल्यावर. पण या सगळ्याच्या आधी सायकलचे ब्रेक. दांडीवर 'एमटीबी' लिहिलेली, जाड टायरची पुष्कळ स्वस्त सायकल ही शहरातल्या खड्ड्यांपुरतीच असते. तिच्यावरून खडकाळ उतार उतरताना पुढचा चिमटा दगा देतो, तेव्हा हजारोंची ढाल काय करणार? आणि एक अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचे असतात. ती पडली, मुठीचे रबर फाटले की आतली नळी उघडी पडते. मूल पडते, हँडल फिरते आणि ती गोल धार पोटात रुतते. बाहेर नुसता गोल वळ दिसतो, आत यकृत किंवा प्लीहा फाटलेली असू शकते. छातीवरची फळी तिथे नसते, ती बरगड्यांशी संपते. हे उतारावर तर होतेच, सोसायटीच्या आवारातही होते. बूच काही रुपयांचे असते. अशा पडण्यानंतर पोट दुखते म्हणाला तर "वारा धरला असेल" म्हणून ओवा देऊन निजवू नये, दवाखाना गाठावा.

एकट्याने जाऊ नये, कुठे उतरणार ते घरी सांगून जावे, हे सांगितले की मुले कंटाळतात. पण सह्याद्रीच्या घळीत फोनला रेंज नसते आणि चिलखतावर घंटी नसते. बरोबरच्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. मित्र पडला की आपले हात आपोआप त्याच्या काखेत जातात, "ऊठ ऊठ, काही नाही झालं" म्हणत आपण त्याला बसता करतो आणि हेल्मेट ओढून काढतो. श्वास चालू असेल आणि मान दुखते, हातापायांना मुंग्या येतात म्हणत असेल, किंवा शुद्ध हरपली असेल, तर यातले काहीही करायचे नाही. हेल्मेट तसेच ठेवायचे, पट्ट्या तशाच, पाणीही पाजायचे नाही. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी हेल्मेट स्थिर धरायचे, त्याच्याशी बोलत राहायचे, आणि दुसऱ्याने सायकल तिथेच टाकून रेंज मिळेपर्यंत वर चढायचे.